बाटल्यांपुरता गारवा

माझा नवरा एसीवाला आहे. हा शब्द त्याला आवडत नाही. तो स्वतःला एचव्हीएसी इंजिनिअर म्हणवतो, आणि चारचौघांत मी ‘एसीवाला’ म्हटलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या ऑफिसात बसून तो मोठमोठे मॉल किती गार असावेत हे ठरवतो. घरी मात्र त्याला एका खोलीचं तापमान ठरवता येत नाही. हॉल मी सव्वीसवर ठेवते. आमची मुलगी तिची खोली अठरावर ठेवते आणि दुलई पांघरून बसते. बेडरूममध्ये तो बावीस करतो, मी पंचवीस करते, आणि रिमोट कुणाच्या उशीखाली आहे यावर आमचा संसार चालतो.

हे आधी सांगायचं कारण असं, की गेल्या वर्षी या माणसाने घरी बिअर करायला घेतली. बिअर करणं म्हणजे काहीतरी शिजवणं आणि आंबवणं, एवढंच मला ठाऊक होतं. पण सगळा खेळ शेवटी तापमानावर येऊन थांबतो असं कळलं, तेव्हा मला हसू आवरेना.

इथे बिअर दुकानात रीतसर विकत मिळते. घरी करायला मात्र परवानगी नाही. हे मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं. तो म्हणाला, “एकदाच गं. बाबांसाठी.” त्यावर मी माघार घेतली आणि पुढचे कितीतरी दिवस दारावरची बेल वाजली, की आधी दाराच्या भिंगातून बघून मगच कडी काढत होते. बहुतेक वेळा तो लाँड्रीवाला असायचा.

बाबा म्हणजे माझे सासरे. पुण्याला असतात, सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या घरची गंमत सांगायची तर तिथे बाप आणि मुलगा दोघंही पितात, आणि दोघंही पीत नाहीत. शनिवारी संध्याकाळी बाबा मित्रांबरोबर गच्चीवर एखादा पेग घ्यायचे. जिन्यात मुलाचं पाऊल वाजलं, की ग्लास जास्वंदीच्या कुंडीमागे. मुलगा कॉलेजच्या मित्रांबरोबर त्याच्या खोलीत बिअर घ्यायचा. फाटकात वडिलांची स्कूटर वाजली, की ग्लास पडद्यामागे. माझ्या सासूबाईंना दोन्ही जागा पाठ होत्या. दोन्हीकडचे ग्लास त्याच उचलून धुवायच्या आणि कुणालाच काही बोलायच्या नाहीत.

सासूबाई गेल्या आणि या दोघांमधलं उरलंसुरलं बोलणंही आटलं. फोनवर बाबा विचारायचे, “हवा कशी आहे?” हा म्हणायचा, “गरम.” ते म्हणायचे, “इकडेही.” खलास. मग फोन माझ्याकडे यायचा. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला प्रमोशन मिळालं, सगळं माझ्यामार्फत. मी पोस्टात नोकरीला लागल्यासारखी झाले होते.

ऑक्टोबरात बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि ते आमच्याकडे येणार होते. नवऱ्याच्या मनात एकच होतं. वाढदिवसाच्या दिवशी स्वतःच्या हाताने केलेली बिअर दोन ग्लासांत ओतायची, एक बापाच्या हातात द्यायचा, आणि समोर बसून प्यायची. कुंडी नाही, पडदा नाही. “विकतची देता येणार नाही का?” मी विचारलं. तो म्हणाला, “विकतची दिली तर मी पितो एवढंच कळेल. घरी केलेली दिली तर निदान बोलायला विषय होईल.” वडिलांशी बोलायला विषय हवा म्हणून महिनाभर बादलीत सातूचा मॉल्ट आंबवणारा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. मला त्याची दया आली. हसलेही, पण दया आली.

बादलीतलं काम निभावलं. मग ती कच्ची बिअर तारेच्या झाकणांच्या बाटल्यांत भरायची वेळ आली. लिंबूपाण्याच्या रिकाम्या बाटल्या त्याने मित्रांकडून गोळा केल्या होत्या. प्रत्येक बाटलीत मोजून थोडी साखर घालायची. आत उरलेलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून गॅस होतो, आणि तो बाटलीतच मुरला की बिअरला फेस येतो. यीस्ट मात्र महा नखरेल. खोली फार गरम झाली तर भलत्या वेगाने खातं, चव नेलपॉलिशसारखी होते, आणि साखर जरा जास्त पडली असेल तर बाटली फुटायचीही भीती. फार गार झाली तर ते सरळ झोपून जातं. त्याला वीस ते बावीस अंश हवे, तेही दोन-तीन आठवडे, रात्रंदिवस.

“आपल्याकडे असं कोण जगतं?” मी म्हटलं.

मग जागा शोधणं सुरू झालं. स्वयंपाकघर बाद, तिथे मीच उकडते. हॉल माझा. मुलीला विचारलं तर तिने डोकं वर न काढता उत्तर दिलं, “डॅड, नो वे. इट विल स्मेल.” बेडरूमचं तापमान रात्रीतून तीनदा बदलतं, त्याचं कारण वर आलंच आहे. पाहुण्यांच्या खोलीत बाबा उतरणार होते. शेवटी राहिली स्टोअररूम. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. तिथे घरकामाच्या बाईसाठी बांधलेली एक बारकी खोली आहे. आमच्याकडे बाई नाही, म्हणून तिथे सुटकेसेस आणि तांदळाच्या गोण्या राहतात. खिडकीत जुना एसी आहे, दोन बटणांचा. एक बटण कमी-जास्त करायचं, दुसरं बंद-चालू करायचं. मॉल गार करणाऱ्या माणसाने सुट्टीचा एक अख्खा दिवस त्या बटणाशी झटून, थर्मामीटर लावून, बरोबर बावीस अंशांची जागा शोधली आणि तिथे मार्करने खूण केली. बाटल्या दोन खोक्यांत भरून वरून टेप लावली. एक बाटली मात्र प्लास्टिकची भरली. ती दाबून बघायची. कडक झाली की समजायचं गॅस होतोय. आंबा पिकला का हे बघावं तसा तो ती दिवसातून दहादा दाबत होता.

त्यानंतर चार दिवसांनी बाबा आले. विमानतळाबाहेर पडल्या पडल्या त्यांनी जाहीर केलं, “हे शेवटचं हं. आता मला विमानात बसणं झेपत नाही. तिकीट परतीचं पक्कं आहे ना?” नवऱ्याने मान हलवली, बॅगा उचलल्या, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. या खेपेला नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही तिथेच कळलं.

आता माझ्या सासऱ्यांची एक सवय. रिकाम्या खोलीत दिवा, पंखा, काहीही चालू दिसलं की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जातो. आमच्या लग्नात हॉलमधली मंडळी जेवायला उठली तेव्हा त्यांनी हॉलचे पंखे बंद केले होते, नवरानवरी अजून स्टेजवर बसलेली असताना. आमच्या भाड्यात वीज-पाणी धरलेलं आहे, आम्हाला बिल येत नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी समजावलं. ते म्हणाले, “मालकाचं ते काय फुकटचं आहे का?”

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसातून आला तर स्टोअररूमचा एसी बंद आणि आत पस्तीस अंश. त्याने काही न बोलता चालू केला. रात्री पाणी प्यायला उठलेल्या बाबांनी काही न बोलता बंद केला. तिसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला.

“ती मागची खोली,” बाबा मला म्हणाले. मुलगा समोर बसलेला असूनही. “तिथे एसी चालू राहतो बघ तुमचा.”

“राहू दे बाबा,” नवरा ताटाकडे बघत म्हणाला. “ऑफिसची सॅम्पल्स आहेत. थंड जागी ठेवायची आहेत.”

“मग ऑफिसात का नाही ठेवत?”

“ऑफिसात... एसी नीट नाहीये.”

एसीच्या कंपनीत एसी नीट नाही, हे ऐकून बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मला ठसका लागला. मुलगी म्हणाली, “दॅट्स सो लेम, डॅड.” बाबांना इंग्रजी उत्तम येतं.

दुसऱ्या दिवशी एसी पुन्हा बंद. ‘बिअर आहे’ हे दोन शब्द नवरा बोलला असता तर प्रश्न मिटला असता. पण ते बोलण्यासाठी बाटल्या तयार व्हायला हव्या होत्या, आणि बाटल्या तयार होण्यासाठी ते बोलायला हवं होतं. “तुम्ही सांगा ना तुमच्या वडिलांना,” असं मी म्हणून पाहिलं. मी त्याला ‘तुम्ही’ म्हणाले की तो ओळखतो, की माझी सहनशक्ती संपत आलीय. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. बाबा फक्त रिकाम्या खोलीतला एसी बंद करतात. तर खोली रिकामी ठेवायचीच नाही. सकाळी साइटवर जायचं, दुपारी ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणून घरी यायचं आणि लॅपटॉप घेऊन स्टोअररूममध्ये बसायचं. बाबांना सांगितलं, की आता ही माझी ऑफिसची खोली, इथे मशीन चालू असतं, एसी लागतोच. ऑफिसचं नाव आलं तसे बाबा नमले. त्यानंतर एसी एकदाही बंद झालेला दिसला नाही.

आता चित्र असं. बाहेर चार खोल्यांचं घर, आणि घराचा कर्ता पुरुष तांदळाच्या गोण्यांमध्ये स्टुलावर बसून क्लाएंटशी बोलतोय, “यस हबीबी, टुमॉरो इन्शाल्ला.” आठवड्याने बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?”

मी नाही म्हटलं.

“मग तो तिथे का बसतो? नोकरी आहे ना त्याची?”

“आहे हो बाबा. मीटिंग असतात. शांतता लागते.”

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपली प्लास्टिकची खुर्ची, शाल आणि टॅबवरचं वर्तमानपत्र घेऊन स्टोअररूममध्ये गेले आणि मुलासमोर बसले. कशासाठी आलो हे त्यांनी सांगितलं नाही, याने विचारलं नाही. बाबांनी शाल गुंडाळली, चप्पल काढली आणि पाय ठेवायला जागा हवी म्हणून ते नेमके बाटल्यांच्या खोक्यावर ठेवले. माझा नवरा मीटिंगमध्ये होता. त्याचा चेहरा बघून पलीकडच्या माणसाने विचारलं म्हणे, “एव्हरीथिंग ओके?”

मग ते रोजचंच झालं. मी साडेपाचला कामावरून यायचे तेव्हा दोघं आतच असायचे. एकदा चहा घेऊन गेले तर बाबा विचारत होते, “ते चिलर चिलर म्हणतोस ते काय असतं रे?” आणि हा सांगत होता, की मॉल गार करायला आधी पाणी गार करणारं मशीन. ऐकून बाबा म्हणाले, “म्हणजे मोठा माठच की.” याला ते पटलं नाही. पुढे अर्धा तास माठ आणि चिलर यांत काय फरक यावर वाद चालला होता. मी चहाचे कप ठेवून बाहेर आले. पोस्टाचं काम कमी होत चाललं होतं. त्याची मला फारशी खंत नव्हती.

नवऱ्याला मात्र भलतीच काळजी लागली. प्लास्टिकची बाटली कडक होईना. दुपारी घरी आला की खोलीत कधी सोळा अंश, कधी पंधरा. बटण खुणेच्या पुढे सरकलेलं. तो पुन्हा खुणेवर आणायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याने निदान केलं, की बटण सैल झालंय, कंप्रेसरच्या हादऱ्याने सरकतं. बटण घट्ट केलं. तरी तेच. मग सेन्सर गेला असं ठरलं. सेन्सर बदलला. तरी तेच. “जुनं मॉडेल आहे,” तो मला म्हणाला. “याचं लॉजिकच वेगळं आहे.” अख्ख्या मॉलचा डॉक्टर एका खिडकीच्या एसीपुढे टेकीला आला होता, आणि मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो हसला नाही. वाढदिवस शनिवारी होता, आणि त्यानंतरच्या गुरुवारी बाबांचं विमान.

शनिवारी सकाळी मी बाबांना ओवाळलं. पंचाहत्तर दिव्यांचं ताट दोघींनी धरलं, मी आणि मुलीने. दिव्यांच्या धगीने हॉलमधला एसी हरला. संध्याकाळी सुरमई तळली, अळूवडी केली. बाबा नवा झब्बा घालून हॉलमध्ये बसले होते. नवरा आतून आला तो दोन उंच ग्लास आणि एक बाटली घेऊन.

बाबांनी ग्लास पाहिले आणि त्यांचा हात बाजूला गेला. हातात काहीही नव्हतं, तरी नजर पडद्याकडे, मग माझ्या कुंडीकडे. इतक्या वर्षांची सवय. मी हसू दाबायला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. पण तिथून हलले नाही.

“बाबा,” नवरा म्हणाला. पाठ केलेलं वाक्य तो विसरला हे मला दिसलं. “ही बिअर आहे. घरी केली. मी केली. तुमच्यासाठी.”

त्याने झाकण उघडलं. फट्‌ असा आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. ग्लासात बिअर पडली, वर थोडा फेस जमला आणि बघता बघता विरला. नवऱ्याचा चेहराही विरला. बाबांनी ग्लास घेतला, मुलाकडे पाहिलं आणि त्याच्यासमोर एक घोट घेतला. मग आणखी एक.

“कडवट आहे,” ते म्हणाले. “पण वाईट नाही. फेस मात्र नाही हं.”

“नाही आला,” नवरा म्हणाला. “तो एसी बिघडलाय. सगळं त्याच्यामुळे. बावीसवर ठेवायचं होतं, तर तो पंधरावर जातो.”

“कुठला एसी?”

“स्टोअररूमचा.”

बाबांनी ग्लास टीपॉयवर ठेवला. “तो बिघडलेला नाही,” ते म्हणाले. “मी वाढवायचो.”

“काय?”

“तू सकाळी गेलास की फुल करून ठेवायचो. दुपारी उन्हातून येतोस, शर्ट पार भिजलेला असतो. आलास की खोली गार मिळावी म्हणून.”

“बाबा! तुम्ही एसी बंद करणारा माणूस!” माझा नवरा वडिलांवर ओरडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज मी या बापलेकांमध्ये कधी ऐकला नव्हता. “मी सेन्सर बदलला! दोनदा उघडला तो एसी! सांगायचं तरी!”

“मी काय सांगायचं? तू सांगायचं होतंस,” बाबाही चढ्या आवाजात म्हणाले. “सॅम्पल म्हणे. अरे, बिअर आहे म्हणाला असतास तर मी दिवसभर घरीच होतो. खुर्ची टाकून राखण केली असती तिची.”

“तुम्हाला कसं सांगणार?”

“का? खाल्लं असतं मी तुला?”

मुलगी खोलीतून डोकावली आणि म्हणाली, “आर यू गाइज फायटिंग ऑर ड्रिंकिंग?” बाबांना हसू फुटलं, मग यालाही. मी अळूवड्यांची ताटली मध्ये ठेवली. बाबांनी ग्लास पुन्हा उचलला, संपवला आणि बाटलीकडे बघितलं. नवऱ्याने उरलेली ओतली.

“आता या बाकीच्यांचं काय?” बाबांनी विचारलं.

“वाया नाही जाणार. यीस्ट फक्त झोपलंय. बाटल्या हलवून जरा उबदार जागी ठेवल्या तर होईल. चोवीसला वगैरे.”

“माझी खोली चोवीस आहे.”

“हो, पण दोन आठवडे तरी लागतील बाबा. तुम्ही गुरुवारी निघताय.”

बाबांनी झब्ब्याची बाही नीट केली. हॉलमधल्या एसीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. आल्या दिवसापासून ज्यांना पुण्याची गच्ची, तिथले मित्र आणि शनिवार सोडून दुसरं काही सुचत नव्हतं, त्या माणसाने अळूवडीचा तुकडा तोंडात टाकला आणि मुलाला विचारलं, “ते तिकीट पुढे ढकलता येतं का रे?”

“येतं,” नवरा म्हणाला.

“मग ढकल.”

नवरा काहीतरी आणायचं निमित्त करून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात सुरमईचा झारा हातात धरून उभी होते. सासरे आणखी दोन आठवडे राहणार हे ऐकून आनंदाने रडू आलेली सून अख्ख्या अबू धाबीत मी एकटीच असेन.